नेफ्यू या शब्दाचा खुलासा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, लाँड्रीचा धंदा करून आता घरी बसलेली, पूर्ण शुद्धीवर आहे, कोणाच्या दडपणाखाली नाही आणि रागावलेली आहे. रागाने बुद्धी बिघडलेली नाही, असा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

१. भाऊ-भावजय गेल्यावर त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, मी वाढवला. इस्त्रीचे चटके खाऊन त्याला इंग्रजी शाळेत घातले. गेल्या वर्षी त्याने माझे मृत्युपत्र इंग्रजीत करून आणले. वाचून दाखव म्हटले, तर म्हणाला, तुला कळणार नाही, सही कर. मी केली, आणि ती आजही नाकारत नाही. पुढे डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. घर व दुकान ‘नेफ्यूला’ दिले आहे, नाव कुठेच नाही.

२. नेफ्यू मला दोन आहेत. दुसरा माझा पुतण्या, धाकट्या दिरांचा मुलगा, बसचा ड्रायव्हर. येता-जाता डोकावतो आणि काकू, जेवलीस का, म्हणून विचारतो. भाचा आणि पुतण्या इंग्रजीला सारखेच, त्याला मी काय करणार? सदर नेफ्यू म्हणजे माझा पुतण्या, असा मी खुलासा करते. घर, दुकान त्याचे.

३. मोठी इस्त्री पुतणसुनेला. विकली तरी चालेल, जड आहे.

४. माझ्याशी बोलून मुलांचे उच्चार बिघडतात म्हणून भाचेसुनेने त्यांना माझ्या खोलीत यायची बंदी केली. धाकटीला एकदा गोष्ट सांगू लागले, तर तिला अक्षर कळेना. हे मी माफ करत नाही. भाचेसुनेला काहीही देत नाही, शिव्यासुद्धा नाहीत, कारण त्या आपल्या भाषेतल्या आहेत.

५. भाच्याकडे त्याचे साहेब जेवायला आले, तेव्हा मी वाढत होते. ही कोण, असे त्यांनी विचारले. भाचा म्हणाला, “आंटी आहे, कामाला मदत करते.” मुलेही तेव्हापासून मला आंटी म्हणतात, आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईलाही. त्या बाईशी माझे भांडण नाही.

६. या खुलाशाविरुद्ध भाच्याने कोर्टात जरूर जावे. तिथे मी त्याची कोण, हे शपथेवर विचारतील. आंटी म्हणून भागणार नाही. चारचौघांत त्याला मला आत्या म्हणावे लागेल. ते ऐकायला मी नसेन, एवढीच चुटपुट आहे.

(सही) एकाची आत्या, दुसऱ्याची काकू

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. समोरचा चावीवाला (सही)
स्थळ: लाँड्रीमागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी