तुझं भेव माझ्याकडे ठेवून गेलीस

प्रिय सुमित्रे,

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी बोलतोच आहे. आज कागद घेऊन बसलो, कारण जे सांगायचं आहे ते मोठ्यानं बोललो तर कोणीतरी ऐकेल. घर भरलेलं आहे. आणि ऐंशीला टेकलेला माणूस 'मले भेव लागते' असं कोणाला सांगणार? तुलाच ना!

कागदावर मला शाळेतलीच भाषा येते. हसू नको.

आपल्या वसंताच्या स्वातीची लेक ओवी आत कूलरपुढं झोपली आहे. मघाशी जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरून आलो. श्वास लागला बोटाला, तेव्हा कुठं परत येऊन बसलो. हे तू करायचीस. वसंता तान्हा होता तेव्हा मोगरा तोडता तोडता तू मधेच टोपली टाकून निंबाला बांधलेल्या झोळीकडे पळायचीस. मी म्हणायचो, "अवं, झोपला हाये तो! काहून उठवतं त्याले?" तू म्हणायचीस, "तुमाले काय समजते!"

खरंच नव्हतं समजत गं.

सगळा जन्म आपल्या दोघांच्या वाट्याचं तूच भीत आलीस. विंचवाला, उन्हाला, गोवराला, एसटीच्या ड्रायव्हरला, पोरीच्या सासरला. तू भ्यायचीस म्हणून मला भ्यायची गरजच पडली नाही, आणि लोक मला धीराचा माणूस म्हणायचे! तू हिवाळ्यात गेलीस. चैत्रात लेकरं यायला लागली आणि मला कळलं, तुझं भेव या घरातून गेलेलंच नाही. ते माझ्या छातीत येऊन बसलं आहे. मला विचारायचं तरी होतंस!

यंदाचा उन्हाळा तू पाहायला हवा होतास. अचलपुराहून आपली लेक कुसुम तिच्या नातवाला, यशला, घेऊन आली. अमरावतीहून स्वाती आणि ओवी आल्या. सूनबाई मंदानं अंगणात कुरडयांचा घाट घातला, तर निम्मा चीक पोरांनी दूधसाखर घालून गरम गरमच संपवला. आंबे पाण्याच्या घमेल्यात, पोरं घमेल्याभोवती, आणि कोयी कुठं? माझ्या खाटेखाली! दुपारी एका कूलरपुढं चार पिढ्या ओळीनं आडव्या. लग्नसराई, म्हणून वसंता पहाटेच मोगरा घेऊन अकोल्याच्या बाजारात. ओवी उरल्या फुलांचा गजरा करायची आणि तुझ्या फोटोला घालायला मला खुर्चीवर चढवायची. मला ती 'बुढे आबाजी' म्हणते. वसंता तिचा साधा आबाजी.

आणि मी काय करत होतो? विहिरीपाशी खुर्ची टाकून बसलो होतो.

जाळी बसवून घेतली होती, तरी बसायचो. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात काठी. लेकरू त्या बाजूला वळलं की ओरडायचो. मंदा म्हणायची, "मामाजी, ऊन लागन तुमाले. जाळी हाये ना इहिरीवर." मी म्हणायचो, "जाळीचा काय भरवसा?" यश तर मला पाहिलं की रस्ता बदलायचा. तुला ती लेकरं बिलगायची. तू एवढी भीत होतीस, तरी तुला बिलगायची. ते कसं जमवलंस?

आता त्या दुपारचं सांगतो. बसलीस ना नीट? तुला घाबरवायचं नाही, पण तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

स्वातीचा नवरा निलेश तिला आणि ओवीला न्यायला आला होता. त्यानं आपली गाडी निंबाखाली लावली. लोणच्याची बरणी, गव्हाचं पोतं, सगळं मागं भरून ठेवलं, कारण ऊन उतरल्यावर निघायचं होतं. मग तो आणि वसंता मोटरसायकलवर गावात गेले. फाटकातून निघता निघता निलेशनं खिशातल्या किल्लीचं बटण दाबलं. मागं वळून पाहिलं नाही. सवयच असते ती.

पोरं लपाछपी खेळत होती. राज्य यशवर होतं. ओवी निलेशनं बटण दाबायच्या आधीच, गाडीचं दार उघडं दिसलं म्हणून, मागच्या सीटखाली जाऊन लपली होती आणि आतून दार ओढून घेतलं होतं. काचांना काळ्या जाळ्या. बाहेरून काय दिसणार?

यश आला. तोंड उतरलेलं. "बुढे आबाजी, ओवी सापडून नाही राहिली."

सुमित्रे, मी उठलो आणि थेट विहिरीत डोकावलो! जाळी जागच्या जागी. तरी मी वाकून वाकून पाहत होतो. खाली हिरवं पाणी, त्यात माझंच डोकं. मी "ओवी! ओवी!" ओरडत होतो आणि विहीर मला माझाच आवाज परत देत होती. स्वाती खोल्या, न्हाणीघर, ज्वारीच्या कणगीमागं शोधत होती. कुसुम रस्त्याला धावली. निंबाची सावली केव्हाच सरकली होती आणि गाडी उन्हात तापत उभी होती. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर! आणि मी पाण्यात पाहत होतो.

तेवढ्यात हॉर्न वाजला. लहानसा, अडखळत. मला वाटलं, रस्त्यावरचा. राग आला मला, सांगतो तुला! इथं लेकरू सापडत नाही आणि हा कोण पोंगा वाजवतो?

मंदा धावता धावता थांबली. "मामाजी, हा आपल्या आंगनातला हाये!"

तू म्हणायचीस ना, मंदा भित्री, पाल पाहून किंचाळते? ती मंदा गाडीपाशी गेली, दोन्ही हातांनी दार ओढून पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. पुढच्या दाराची काच तिनं फोडली. पहिल्या घावाला फुटली नाही. दुसऱ्याला फुटली. काचेतून हात घालून दार उघडलं आणि ओवीला बाहेर ओढलं. पोरगी दोन सीटांच्या मधे पडली होती, डोकं स्टिअरिंगकडे. तोंड लालभडक, ओठ कोरडे, अंगावर घामाचा थेंब नाही. हात लावला तर तव्यासारखी.

रडत नव्हती गं! रडली असती तर बरं वाटलं असतं.

मंदानं तिला सावलीत आणलं, अख्खा माठ तिच्यावर ओतला, आपला ओला पदर गुंडाळला. "स्वाती, रडू नको, पंखा घाल!" स्वाती सुपानं वारा घालत होती. शेजारच्याचा ऑटो आला आणि तिघी अकोल्याला लेकरांच्या डॉक्टरकडे गेल्या. मी अंगणात उभा होतो. काठी कुठं पडली होती कोण जाणे. यश माझ्या धोतराला धरून उभा होता. म्हणाला, "माझ्यानं झालं काय?" मी त्याला उचलायला गेलो तर मला उचलवेना. मग त्याच्याशेजारी खालीच बसलो.

संध्याकाळी फोन आला. ओवीनं डोळे उघडले, सलाईन चालू आहे, बर्फाचा गोळा मागते. डॉक्टरांनी विचारलं, "पोरीले ओलं कोणं केलं? चांगलं केलं." तेव्हा मंदा तिथं दवाखान्यात पहिल्यांदा रडली, आणि तेव्हाच तिला दिसलं की तिच्या तळव्यात काच शिरली आहे.

ओवी बरी होऊन अमरावतीला गेली. कुसुमनं यशला अचलपूरला नेलं. अंगण झाडून काढलं तरी दोन दिवस काचेचे कण चमकत होते. निलेश कोणाच्या डोळ्याला डोळा देईना. स्वाती त्याच्याशी बोलेना. आणि मी? मी वसंताला सांगून टाकलं, "पुढल्या उन्हाळ्यात कोणाले बलावजो नको." वसंता उठून मोगऱ्याला पाणी द्यायला गेला, भर दुपारी. भर दुपारी झाडांना कोणी पाणी देतं का?

मग मागच्या आठवड्यात स्वातीचा फोन आला. तिच्या सासूचा पाय मोडला, तिची नोकरी, शाळा उघडायला वेळ आहे. "आबाजी, ओवीला तुमच्याकडे ठेवू का?"

मी म्हटलं, "माह्याच्यानं नाही होत बाई."

ती मग हळूच म्हणाली, "तीच म्हणते आबाजी. बुढ्या आबाजीकडे जायचं म्हणते."

मी फोन मंदाच्या हातात दिला. मंदा म्हणाली, "आणजो पोरीले." आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. "मामाजी, घरात लेकरू नसलं म्हंजे भेव नसते काय?" तिनं हे तुझ्याच सुरात विचारलं. कुठून शिकली?

वसंता ओवीला एसटीनं घेऊन आला. गाडीनं का नाही, तर ती गाडीत बसतच नाही. दार लावलं की किंचाळते. बाथरूमचं दारही लावू देत नाही. बसमध्ये खिडकी उघडी होती म्हणून आली. मी बसस्टँडवर घ्यायला गेलो होतो; उतरल्याबरोबर तिनं माझं बोट धरलं आणि मान वर करून विचारलं, "बुढे आबाजी, तुमाले भेव लागते काय?"

मी म्हणालो, "नाही बा. मले कायचं भेव?"

तिनं माझं बोट सोडलं. लगेच सोडलं! आणि वसंताकडे गेली. मी तिथं स्टँडवर उभ्या उभ्या चोरासारखा झालो.

आज सकाळी निलेश तिला भेटायला आला. नवी काच बसवलेली गाडी त्यानं फाटकाबाहेर रस्त्यावरच ठेवली आणि चपला काढल्यासारखा अंगणाच्या कडेला उभा राहिला. मी म्हटलं, "जावईबापू, गाडी आत आणा."

"नको आबाजी."

"आणा म्हणतो ना! आनि मले दाखवा, आतून दार कसं उघडते ते. मले नाही येत."

खोटं नव्हतं ते. आपण कधी गाडीत बसलो तर दार दुसऱ्यानंच उघडलं. ओवी मंदाच्या कमरेला चिकटून लांबून पाहत होती. मी मागच्या सीटवर बसलो आणि निलेशनं दार लावलं. सुमित्रे, काचा उघड्या होत्या, सकाळची वेळ होती, बाहेर माणसं होती, तरी माझ्या तोंडचं पाणी पळालं. आतली कडी ओढली, उघडेना. पुन्हा ओढली, उघडेना! मागच्या दारांना पोरांसाठी वेगळं लॉक असतं म्हणे, ते आतून उघडतच नाही. मग मला कळलं, ती काय काय ओढून थकली असेल.

"आबाजी, मधून पुढं या," निलेश म्हणाला. "पुढचं उघडते."

या वयात दोन सीटांच्या मधून जायचं! डोकं पुढं गेलं, धोतर मागं अडकलं, कोपर हॉर्नवर पडलं. पों! ओवी दचकली. मंदाच्या साडीत तोंड लपवलं. मला वाटलं, झालं, बिघडवलं मी सगळं. मी तसाच अडकलेला. मग साडीतून एक डोळा बाहेर आला.

"बुढे आबाजी अटकले!"

हसली गं पोरगी! आल्यापासून पहिल्यांदा.

"तुमाले भेव लागून राहिलं काय?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "लय लागून राहिलं."

"मले बी लागते." मग ती गाडीपाशी आली. बाहेरूनच मला पाहत राहिली. निलेशनं पुढचं दार उघडलं तेव्हा ती चढली, माझं धोतर सोडवलं, आणि मला खाली उतरवून म्हणाली, "आता मी."

निलेशनं माझ्याकडे पाहिलं. मी मंदाकडे. मंदानं मान हलवली. ओवीनं स्वतःच दार ओढून घेतलं. दार लागलं. तेवढ्या क्षणात काय काय गेलं माझ्या डोक्यातून, ते मी कागदावर लिहिणार नाही. माझा हात बाहेरच्या कडीवर होता, पण मी ओढली नाही. फार अवघड होतं ते. मग आतून खट् झालं आणि पोरगी दार ढकलून बाहेर उडी मारून उतरली, जसं काही रोजचंच.

निलेश निंबाकडे तोंड करून उभा राहिला, बराच वेळ. मग ओवी त्याला म्हणाली, "बाबा, तुमी बी करून पाहा." आणि त्यालाही आत बसवलं.

आज माझं अक्षर बघ कसं आलं आहे! हे भेव आता जायचं नाही, एवढं मला समजलं. तू एवढी वर्षं हे घेऊन स्वयंपाक केलास, फुलं तोडलीस, गाणी म्हटलीस, आणि मला कधी वजन लागू दिलं नाहीस. मी तुला एकदा तरी विचारायला हवं होतं, की अवं, थोडं मी धरू काय?

आता धरतो. वचन देतो तुला. पुढल्या उन्हाळ्यात अचलपूरला आणि अमरावतीला मी स्वतः फोन करीन, सगळ्यांना या म्हणीन. यशला आधी. मी भीन, पण माझं भेव लेकरांच्या पायात बांधणार नाही. आणि कोणत्याही पोरानं विचारलं, की तुमाले भेव लागते काय, तर हो म्हणीन आणि त्याचं बोट धरून सोबत जाईन.

तुझाच,
नामदेव