सुकमीची चिठ्ठी

धानोरा, मार्च १९९७, बुधवार

महिन्याभरानं सुकमी आज आश्रमशाळेत परत आली. गोवर आला म्हणून नियमाप्रमाणे मीच तिला घरी धाडलं होतं, सोबत चिठ्ठी देऊन: मुलीला घराबाहेर सोडू नये.

बापानं तीच चिठ्ठी घडी करून परत दिली. "बाई, बाहेर नाई सोडली. लहानीजवळच ठेवली."

लहानी म्हणजे तिची तान्ही बहीण. गेल्या आठवड्यात गोवरानंच गेली. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

चिठ्ठी समोर आहे. अक्षर किती नीटनेटकं! घरी कोण कोण आहे, हे मी का नाही विचारलं? पण विचारायचं तरी कशाला? जाताना सुकमीच रडत सांगत होती, "मले इथीच ठेवा ना बाई, घरी लहानी आहे."

मी म्हटलं होतं, नियम आहे.