लपवायची एक ओळ

६ जानेवारी २०२५, जोहे

लपवा म्हणते! आमच्या मूर्तिकारांच्या संस्थेत!

शाडू मातीच्या गाड्या कोणाच्या गणपतीच्या कारखान्यात आधी उतरायच्या, त्याचे नंबर आजपासून कॉम्प्युटरवर. सभासदाला मोबाइलवर आपला नंबर दिसणार. पेणहून माणूस येऊन सॉफ्टवेअर बसवून गेला. बसवताना कॉम्प्युटरने काय काय केलं त्याची ओळन् ओळ नोंद होते, लॉग म्हणतात. मी म्हटलं, छापा, फळ्यावर लावा, प्रत्येक सभासदाने वाचलं पाहिजे! चार पानं निघाली. आमची ऑपरेटर दिपिका म्हणाली, "भाऊ, ह्यातली एक ओळ लपवायला लागेल. त्या माणसाला सांगून—"

पुढे बोलू दिलं नाही. वीस वर्षं लपवालपवीविरुद्ध घसा फोडला तो काय यासाठी? अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठून दहा मिनिटं बोललो. पोरगी खाली मान घालून पानांना टाचण्या लावत होती. दारातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

२७ जानेवारी

घोळ. गिरजाबाईंचा नंबर तिसरा होता, एकोणचाळिसावा झाला. असे एकूण सहा, सगळे बायकांचे कारखाने. वर सरकले ते सभासद जितेश आणि त्याची माणसं. गाड्या उतरूनही गेल्या.

गिरजाबाई दारात उभ्या. "पोरींना काय हातावर हात ठेवून बसवू? भाऊ, तुमी बोलता लय, पन माती कुठं हाय?"

नंबर बदलायचा पासवर्ड एकट्या दिपिकाकडे.

२९ जानेवारी

काढलं तिला. ठराव मी मांडला. "विश्वासघाताला वय नसतं" — हे वाक्य आयत्या वेळी सुचलं. ती उभी राहिली, "मी त्याच दिवशी सांगत होते—" एवढंच म्हणाली. चिटणीस कान्हू ओरडला, "बस गो खाली!" मी त्याला थांबवलं नाही.

१४ फेब्रुवारी

जितेश चहाला आला होता. मी सहज म्हटलं, यंदा नशीब बरं उघडलं तुझं. हसला!

"नशीब कसला भाऊ? तुमीच म्हनलात ना, प्रत्येकानं वाचला पायजे. मी वाचला. तिसऱ्या पानावर पासवर्ड! आता फळ्यावरचा वाचला म्हनजे चोरी केली काय?"

उठून फळ्यापाशी गेलो. कोणाच्या तरी हळदीकुंकवाचं आमंत्रण बाजूला केलं. खाली तिसरं पान. मधोमध पासवर्ड, धडधडीत.

दोन कपाटं पुस्तकं वाचली मी. ही चार पानं वाचली नाहीत.

१५ फेब्रुवारी

पेणला गेलो, त्या सॉफ्टवेअरवाल्याशी भांडायला. तो शांत. म्हणाला, "तुमच्या मॅडमचा त्याच दिवशी फोन आला होता. म्हणाल्या, सॉफ्टवेअर बसवायच्या आदेशातच पासवर्ड लिहून देऊ नका, तो वेगळा विचारून घ्या, नोंदीत त्याच्या जागी नुसते तारे दिसू देत. आणि आत्ताचा लगेच बदला. मी म्हटलं, बदलायला अध्यक्षांची सही लागेल. आणते म्हणाल्या."

सही मागायला आली होती का? आठवत नाही. आली असेल. मी बोलत असेन.

२३ फेब्रुवारी

सभा. सगळं सांगितलं. स्वतःला सोडलं नाही. गिरजाबाई पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. शेवटी टाळ्या! चूक कबूल केली तरी टाळ्याच — आणि मला त्या गोड लागल्या, हेही लिहून ठेवतो. थू!

ठराव रद्द. जितेशचे नंबर सगळ्यांत शेवटी. पासवर्ड बदलला, लॉगमध्ये आता तारे. दिपिकाला परत घ्यायचं पत्र तयार आहे. उद्या रोह्याला तिच्या घरी स्वतः नेऊन देणार.

२४ फेब्रुवारी, रोहा स्टेशन

तिने पत्र वाचलं. घडी घालून परत दिलं.

"मला नाय यायचं, भाऊ. डोलवीला एका ठेकेदाराकडे काम पक्कं झालेलं माझं. मला काढलंत त्याच आठवड्यात त्याने चौकशीला संस्थेत फोन केला. तुम्हीच उचललात. काम गेलं."

उचलला होता. सभेत बोलतो तसाच बोललो होतो, चांगली दोन मिनिटं. या वहीत त्याची एक ओळ नाही. लिहिण्यासारखं काही घडलं, असं वाटलंच नव्हतं.