बेकरीवाल्याचा आवाज

३ डिसेंबर

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. जहाजाचं इंजिन झोपू देत नाही म्हणतोस. इथे घरातली शांतता झोपू देत नाही. आई जेवते, गोळ्या घेते, झाडांना पाणी घालते. पण दादा गेल्यापासून एकदाही रडलेली नाही. शेजारच्या काकू म्हणतात, तिला मोकळी होऊ दे. कशी, ते त्यांनाही ठाऊक नाही.

एक बातमी आहे. दादानं ज्या परदेशी सिनेमाला शेवटचा आवाज दिला, तो नाताळचा विनोदी सिनेमा वीस तारखेला लागतोय. त्यात एक जाडा बेकरीवाला आहे, सगळ्या गावाचे केक चुकीच्या घरी पोचवतो. तो आपला दादा. घसा पार गेला होता, तरी गरम पाण्याचे घोट घेत रोज स्टुडिओत जायचा. एक दिवस घरी आला आणि काम संपलं म्हणाला. पोट धरधरून हसाल, असंही म्हणाला होता.

आई म्हणते, मला घेऊन चल. माझा धीर होत नाही. काय करू, ते लवकर कळव.

तुझ्या तब्येतीच्या काळजीत,
ताई

१४ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. विचारतेस काय, घेऊन जा तिला. कडेची खुर्ची घे, तिचे गुडघे आखडतात. स्वतःसाठी रुमाल जास्तीचे ने; साबणाची जाहिरात बघून डोळे पुसणारी तू!

इथे खाली इंजिनाच्या खोलीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. दादाला खांदा द्यायला मी नव्हतो, हे काही केल्या मनातून जात नाही. म्हणून एवढं कर. सिनेमात काय काय झालं ते सगळं लिही. लोक कुठे कुठे हसले, तेही लिही.

आईच्या पायांवर डोकं. रागावू नकोस, जीव लावतेस तसाच लाव.

तुझा,
बाळ्या

२२ डिसेंबर

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. लोक कुठे हसले ते लिही म्हणाला होतास. कुठेच नाही रे. बेकरीवाला बर्फावरून घसरतो, उठतो, पुन्हा घसरतो. पुढच्या रांगेतला एकजण तर घोरत होता. एवढ्यासाठी दादानं घसा फोडून घेतला, असं वाटून माझा संतापच झाला.

पण त्याचं पहिलं वाक्य आलं आणि आईनं माझं मनगट धरलं. न्हाणीघराचं दार वाजवत ओरडणारा आपला दादाच, हुबेहूब. आई एकटीच हसत होती, विनोद नसेल तिथेही.

मध्यंतर झालं. दिवे गेले, बेकरीवाला परत आला, त्यानं तोंड उघडलं आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा. जाडजूड, नाकातला. थिएटरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. आई मात्र मोठ्यानं म्हणाली, की हा माझा मुलगा नाही. पुढच्या माणसानं मागे वळून तिला गप्प बसायला सांगितलं. ती बसली.

काल स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला फोन केला. बिचारा चाचरत बोलला. अर्ध्या कामातच दादाचा आवाज बसला म्हणे. तो माइकसमोरून उठेना, हातानंच खुणा करत राहिला, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. शेवटी टॅक्सीत बसवून त्याला घरी पाठवला आणि दुसरा माणूस बोलावला. काम संपलं म्हणाला होता ना, तो हाच दिवस.

आईला सगळं सांगितलं. ऐकून ती झाडांना पाणी घालायला गेली.

आम्हाला विसरू नकोस, एवढंच मागणं.
ताई

२ जानेवारी

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. त्यानंतर आई रोज दुपारी त्याच सिनेमाला जाऊ लागली. मध्यंतर होईपर्यंत बसायची आणि उठून घरी यायची. मी अडवलं नाही. रजा मिळेल तेव्हा सोबत गेले. दारावरचा तिकीट फाडणारा तिला आजी म्हणून हाक मारायला लागला.

काल कळलं, सिनेमा उतरतोय. मध्यंतराला मी तिची पिशवी उचलली, पण ती जागची हलली नाही. त्या दुसऱ्या माणसाला तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मान खाली घालून, मन लावून. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिनं मला विचारलं, आपण गेलेल्या माणसाच्या जागी बोलतोय, हे त्याला कुणी सांगितलं असेल का. मी म्हटलं, तेव्हा दादा होता गं, घरी पडून होता. तशी ती तिथल्या तिथे पायरीवर बसली आणि रडली. एवढ्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं. मी तिला सावरू की स्वतःला, असं झालं.

पुढच्या खेळाला आलेल्या एक बाई हातातली तिकिटं घेऊन घुटमळल्या. हळूच मला विचारलं, विनोदी म्हणतात ना हा, मग इतका वाईट आहे का.

मी त्यांना सांगितलं, मध्यंतरापर्यंत चांगला आहे.

आई आता झोपली आहे. तू ये, जमेल तेव्हा ये.

तुझीच,
ताई