चुन्यातले नाव

रोड्स,
द्राक्षतोडणीचा शेवटचा दिवस

ति. दामागेतोसदादास,
धाकट्या नीकासाचा शि. सा. न. वि. वि.

बंदरावरचा आपल्या पणजोबांचा पुतळा आता रोमन सुभेदार व्हारियस यांचा म्हणायचा, असे नगरसभेने ठरवले आहे. नवा पुतळा घडवायचा नाही. चौथऱ्यावरचे नाव खरवडून त्यांचे कोरले, की झाला सन्मान. पणजोबांच्या हातातले सुकाणूही तसेच राहणार. होडी हलली की सुभेदारसाहेबांना ओकारी होते, हे साऱ्या बंदराला ठाऊक आहे!

काम अर्थातच बाबांवर आले. आधी माझा हात ठेचीन, असे ते म्हणतात. नकार दिला तर छिन्नी कायमची खाली ठेवावी लागेल. तू सुभेदारांच्याच घरी मुलांना शिकवतोस. एक शब्द टाकशील का?

तुझी,
नीकासा

एफिसस,
पेरणीचा आरंभ

चि. नीकासा हिस अनेक आशीर्वाद.

शब्द टाकण्याचे धैर्य झाले नाही. मुकाट्याने खरवडून टाका. पणजोबांनी चाच्यांच्या तावडीतून खलाशी सोडवले, ते काही दगडाच्या आधारावर नव्हे. ते आपल्या स्मरणात आहेतच. तुझा तो जुना हट्टीपणा एवढ्यापुरता आवर. इथली ऑलिव्ह बेचव आहेत, असे आईला सांग.

तुमच्या खुशालीची वाट पाहणारा,
दामागेतोस

रोड्स,
पहिल्या थंडीत

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र बाबांना वाचून दाखवले नाही. काम मीच केले. पणजोबांचे एकही अक्षर खरवडले नाही. खाचांत मेण भरले, वरून संगमरवरी भुकटीचा चुना लिंपला आणि सुभेदारांचे नाव त्या चुन्यातच कोरून तांबडे रंगवले. सभासदांनी अक्षरांचे वळण वाखाणले. खारा वारा आहे, दोन हिवाळ्यांचा पाऊस आहे. पणजोबा आपले आपण बाहेर येतील.

आणि दादा, स्मरण तर तुझ्याबरोबर एफिससला निघून गेले. इथे दगडच उरला होता.

पत्र जाळ. रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

नीकासा

एफिसस,
जहाजे बंद होण्यापूर्वी

चि. नीकासा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र जाळले, त्याआधी तीनदा वाचले. स्वतःचे नाव रोड्सला किती काळ टिकेल, असे काल सुभेदारसाहेबांनी विचारले. मी म्हणालो, "आकाशाची मर्जी असेल तोवर." ते त्यांना इतके भावले, की नावाखाली ती ओळ कोरण्याचा हुकूम सोबत पाठवला आहे.

बाबांच्या हाताला माझा नमस्कार. मला आपल्यातलाच समजत राहा.

दामागेतोस

ता. क. ती ओळ मात्र चुन्यात नको. दगडात कोर.