मॅनहोलचे माप

८ सप्टेंबर

आज मी बॉयलरच्या तोंडात अडकलो. मस्तक आत, स्कंध आत, उदर बाहेर. मॅनहोलची लोखंडी कड बेंबीवर करकचून बसली - ना पुढे, ना मागे. मेहुण्याने पाय धरून बाहेर ओढले तेव्हा कातडी सोलून निघाली, सदरा रक्ताने भिजला. गिरणीचे कामगार तोंड फिरवून हसत होते.

"भाऊजी, बॉयलर पास झाला, तुम्ही नापास," मेहुणा म्हणाला.

हा हिचा धाकटा भाऊ. ही गेल्यापासून मदतनीस म्हणून प्रत्येक दौऱ्यावर माझ्याबरोबर असतो. गाडी तोच चालवतो. मी बॉयलर निरीक्षक; बॉयलरच्या पोटात शिरून हातोडीने पत्रे वाजवतो, तेव्हा मॅनहोलशी पहारा करतो तोही हाच. खातो राक्षसासारखा, अंगाला काही लागत नाही. म्हणून सारे त्याला भस्म्या म्हणतात.

११ सप्टेंबर

लेकीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. ती डायलिसिसच्या खाटेवर पडून होती. तिचे रक्त नळीतून बाहेर जात होते, यंत्रातून फिरून परत येत होते. बाष्पाच्या नळ्या पाहण्यात जन्म गेला, पण ही नळी पाहवेना.

"काका, तुमची किडनी तिच्याशी जुळतेय," डॉक्टर म्हणाले. "पण हे पोट आणि हे प्रेशर घेऊन मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटी या, कमी करून या."

लेक म्हणाली, "बाबा, महिन्यातले तीन आठवडे तुम्ही दौऱ्यावर. पथ्य कसं जमणार?"

जमवीन. शास्त्र देहाला रथ म्हणते आणि इंद्रियांना घोडे. त्यांतला जीभ हा घोडा माजला आहे. त्याला चाबकाखाली आणणे एवढेच आता उरले. देवापुढे शब्द दिला - तेल नाही, तूप नाही, साखरेचा कण नाही, लेकीची शस्त्रक्रिया होईपर्यंत.

१५ सप्टेंबर

साखर कारखाना! नियतीलाही विनोदबुद्धी असावी.

निरीक्षकाला जेवू घातल्याशिवाय बॉयलर उघडायचा नाही, ही सगळ्या कारखान्यांची रीत. ताट मांडलेले असते, व्यवस्थापक स्वतः वाढतो. 'नको' म्हटले की त्याला वाटते, साहेब बॉयलर नापास करणार. आज माझ्यापुढचे ताट भस्म्याने स्वतःकडे ओढले. "साहेबांचा उपास आहे, मी दोघांचं खातो." अर्ध्या तासात दोन्ही ताटे लखलखीत. मी पिशवीतली काकडी चावीत त्याच्या जबड्याकडे पाहत होतो. तो जबडा मुठीने फोडावा असे वाटले. नामस्मरण केले.

१६ सप्टेंबर

विश्रामगृहाचे जिने चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. गुडघ्यांत खिळे ठोकल्यासारखे झाले आहे. ठोकू देत.

२१ सप्टेंबर

पहाटे कारखान्याच्या कुंपणालगत झपझप चाललो होतो. एक कुत्रे भुंकत पायांशी आले. हातातली हातोडी फेकली. बरगड्यांवर लागली. ते विव्हळत, मागचे पाय फरफटत खड्ड्यात उतरले. मी हातोडी उचलली, पुसली, चाल पूर्ण केली.

आश्चर्य असे, की नंतर दिवसभर भूक लागली नाही.

२६ सप्टेंबर

नवे शहर, नवी खोली, तीच किटली. तीत मूग शिजवतो. भस्म्या म्हणतो, "भाऊजी, चहाला मुगाचा वास येतोय, मुगाला चहाचा. दोन्ही बाटले."

कमरपट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. रक्तदाबाचे यंत्र मात्र पहिल्यापेक्षा वरचा आकडा दाखवते. प्रवासात आदळून बिघडले असावे.

१ ऑक्टोबर

कागद गिरणी. स्वयंपाक्याला बजावले होते - भाजी पाण्यात उकडलेली हवी. त्याने आणलेल्या वाटीत तेलाचे डोळे तरंगत होते.

"साहेब, नावाला चमचाभर. कोरडं कसं उतरायचं घशाखाली?"

वाटी त्याच्या तोंडावर फेकली. भुवई फाटली. रक्त नाकावरून ओघळून भाजीत पडले. भस्म्याने आपला रुमाल त्याच्या कपाळावर दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिले - हसला नाही.

गाडीत म्हणाला, "भाऊजी, पोरीसाठी करताय ना हे? मग तिच्या बापाला शिल्लक ठेवा थोडं."

मी म्हणालो, असत्यावर प्रहार करणे ही हिंसा नव्हे. लिहिताना हे वाक्य बोलतानाइतके भक्कम वाटत नाही.

६ ऑक्टोबर

भस्म्या दाढ दाखवायला म्हणून एक दिवस घरी जाऊन आला. कोपराच्या खोबणीत चिकटपट्टी. "दाढेसाठी रक्त कशाला काढलं?" "हल्ली सगळीकडेच काढतात हो. रक्त काढल्याशिवाय बिल होत नाही."

९ ऑक्टोबर

आता तोही उकडलेले खातो. व्यवस्थापकाने पुढे केलेले ताट त्याने हात जोडून परत केले. मला खिजवण्याचा हा नवा प्रकार. माझ्या व्रताची नक्कल माझ्याच समोर बसून! काकडी कापण्याच्या सुरीकडे माझे लक्ष गेले, आणि ते तिच्यावर फार वेळ राहिले.

१३ ऑक्टोबर

मॅनहोलमधून आत गेलो. कड कुठे लागलीही नाही. अंधारात, काजळीत, एकटा असताना मी मोठ्याने हसलो आणि तो सारा लोखंडी घुमट माझ्याबरोबर हसला.

निरोगी पत्र्यावर हातोडी मारली की तो घंटेसारखा वाजतो. आतून तडकलेला बद्द बोलतो. माझ्या देहाचा नाद आज बरा होता.

भस्म्या म्हणाला, "आता बास करा. होईल काहीतरी. तुम्ही एकटेच आहात का पोरीला?" मी म्हणालो, दुसरे कोण आहे?

१७ ऑक्टोबर

पुढल्या आठवड्यात डॉक्टर तपासणार. कालपासून अन्न वर्ज्य केले आहे, केवळ पाणी. भस्म्याला सांगितलेले नाही. सांगितले तर बॉयलरमध्ये शिरू देणार नाही.

१८ ऑक्टोबर

लिहिले पाहिजे.

दुपारी रंगाच्या कारखान्यात आत शिरलो. आमचा संकेत असा की बाहेरून त्याने पत्र्यावर ठोका द्यायचा, आतून मी उत्तर द्यायचे. मधल्या नळ्यांपाशी गेलो आणि काळोख अधिकच काळा झाला. त्याचे ठोके ऐकू येत होते, हात उचलेना. पुढचे आठवत नाही.

शुद्ध आली ती बॉयलरबाहेर. मस्तक भस्म्याच्या मांडीवर. तो आत घुसला होता. त्याच्या पाठीवरचा सदरा कडेने फाटला होता. तोंडात काहीतरी चिकट, गोड. जिभेवर, दातांत, घशात. साखरेचे पाणी! तो माझा जबडा धरून ते ओतत होता. "गिळा, भाऊजी, गिळा."

दिलेला शब्द गेला. लेक गेली. एवढेच मनात आले. हातोडी मनगटाला बांधलेली होतीच. तो पेला भरायला पाठमोरा वळला. त्याच्या कमरेवर, बरगडीखाली, घातली. पुन्हा घातली. पुन्हा. आवाज बद्द आला. तो झडपेच्या लोखंडी चाकावर पडला. मी वर उभा होतो आणि माझ्या तोंडातून जे शब्द निघत होते ते मी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. कामगारांनी मला धरले.

भस्म्या त्यांना म्हणाला, "सोडा त्यांना. माझा पाय घसरला."

१९ ऑक्टोबर

परक्या शहरातले रुग्णालय. त्याच्या लघवीतून रक्तच रक्त. डावे मूत्रपिंड फुटले आहे. शल्यविशारद म्हणाले, काढावे लागेल.

भस्म्या, जो मरणालाही कोपरखळी मारील, त्यांचा हात धरून लहान मुलासारखा रडू लागला. "ती किडनी काढू नका हो. काहीही करा, पण ती ठेवा. दोन्ही लागतील मला."

"माणूस एकीवर जगतो," ते म्हणाले. "तुम्हीही जगाल." मग माझ्याकडे वळून, "घसरून असं होत नाही, आजोबा."



२० ऑक्टोबर

काढले. तो जगेल. पोथी उघडली, मिटली.

कोणी चहा आणून दिला. त्यात साखर होती. प्यालो.

२१ ऑक्टोबर

लेकीचा फोन. कित्येक महिन्यांनी तिच्या आवाजात हसू.

"बाबा, मामा फोन का उचलत नाहीये? त्याला सांगा, रिपोर्ट आले. सगळं जुळलं, त्याचीच किडनी घ्यायची ठरलीय. त्यानंच बजावलं होतं, नक्की होईपर्यंत भाऊजींना कळू देऊ नकोस, त्यांचा नेम मोडेल. आता झालं, बाबा. आता तुम्ही पोटभर जेवा."