माणूसलांडग्याला वन्समोर

३ जानेवारी
बहिणीचा मुलगा योगेंद्र चिखला गावात माणूसलांडग्याचा सिनेमा करतोय. संगीत माझं. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये सिस्टर ऑर्गन वाजवायच्या तेव्हा आम्हा मुलींच्या अंगावर काटा यायचा. तोच काटा आता तुमसरला आणायचा. लोक पळतील. हॉलची दारं उघडी ठेवायला सांगणे.

११ जानेवारी
रेकॉर्डिंग झालं. योगेंद्र म्हणाला, मावशी, जरासं कमी वाजवशीन का? मूर्ख! भीती कधी जराशी असते?

१८ जानेवारी, दुपार
तुमसरला पहिला खेळ. हिरो तुलारामच्या हातांवर केस उगवू लागले, माझा ऑर्गन सुरू झाला आणि हॉलभर शिट्ट्या! इकडच्या नाटकांत ऑर्गन वाजला की नाचणारी बाई येते, तेवढंच यांना ठाऊक. मागून कोणी ओरडलं, अबे, बाई कधी येऊन राहिली? लांडगा आला. वन्समोर! त्याची शेपटी गळून पडली, पुन्हा वन्समोर!
दोष शेपटीचा आहे.

२० जानेवारी
शेजारची कुंताबाई म्हणाली, काकू, मले तं नाचावंसंच वाटलं. तिच्याशी कायमचं बोलणं बंद.
संध्याकाळी बोलले. भरीत घेऊन आली होती.

२२ जानेवारी
योगेंद्र म्हणतो, भंडाऱ्यालाही लोक हसले तर पिक्चर बुडालाच, ऑर्गन काढतो. त्या जागी नुसती शांतता. शांततेला कोण घाबरतं? तापात फणफणला की याला मांडीवर घेऊन मीच गात बसायचे. तेव्हा बरं चालायचं माझं संगीत! सांगून टाकलं, माझं नावही काढ. सिनेमा बघायला येणार नाही.

२५ जानेवारी
नाव खरंच काढलंय. नालायक.

१ फेब्रुवारी
भंडाऱ्याला गेले. बघायला नाही, लोक हसतात ते ऐकायला. शेवटच्या रांगेत, तोंडावर पदर घेऊन बसले. ऑर्गन नाही. तुलाराम जंगलात एकटा. सगळं चिडीचूप. वाळलं पान चुरडल्याचा आवाज, बस्स. शिट्टी नाही, हसू नाही.
तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं. अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. माझ्या मागे तर भिंत होती.
योगेंद्र धावत आला. मावशी, भ्याली काय? ठसका लागला, म्हटलं. तो म्हणाला, पुढच्या पिक्चरसाठी असाच ठसका रेकॉर्ड करून देशीन का?
अंगाचा तिळपापड झाला. रेकॉर्डिंग कधी आहे, तेवढं विचारून ठेवलं.